दयाळ आणि मुंगूस

शेजारी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर माणसेच येतात. शेजारच्या घरात किती माणसे राहतात, कोण कोठे नोकरीला आहे, कोणाचा मुलगा परगावी शिकायला गेला आहे, हे आपल्याला ठाऊक असते. पण त्याच घराच्या भिंतीतील कपारीत, त्याच्या अंगणातील झाडावर, मागच्या बाजूच्या गटाराच्या कडेला आणखी कितीतरी जीव आपापला संसार मांडून बसलेले असतात. त्यांची नावे शिधापत्रिकेवर नसतात, मतदारयादीतही नसतात. तरीही ते त्या वस्तीचे रहिवासी असतात आणि पुष्कळदा आपल्याहून जुने रहिवासी असतात.

अशाच दोन शेजाऱ्यांविषयी मला लिहायचे आहे. एक आहे दयाळ पक्षी आणि दुसरे आहे मुंगूस. एक झाडाच्या शेंड्यावर बसून गातो, दुसरे कुंपणाच्या पायथ्याशी गुपचूप फिरते. एकाचे कौतुक करायला सारे तयार असतात, दुसऱ्याला पाहून निम्मी माणसे हरखतात आणि निम्मी कोंबड्यांच्या खुराड्याचे दार लावून घेतात. या दोघांची तुलना करण्याचा छंद मला राजाजीनगरला राहायला आल्यापासून लागला.

राजाजीनगर हा बंगळूरच्या पश्चिमेकडील भाग. भारताचे शेवटचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी, म्हणजेच राजाजी, यांचे नाव या वस्तीला दिलेले आहे. स्वातंत्र्यानंतरच्या काळात येथे लहानमोठे कारखाने आले, कामगारांच्या वसाहती आल्या आणि मध्यमवर्गीयांची बैठी घरे उभी राहिली. शेजारच्या मल्लेश्वरमच्या बाजूला किर्लोस्करांचा विजेची यंत्रे तयार करणारा कारखाना होता. १९४६ साली स्थापन झालेल्या या कंपनीच्या निमित्ताने काही मराठी कुटुंबेही या परिसरात येऊन स्थिरावली. आज त्या कारखान्याच्या जागेवर उंच इमारती आणि मोठा मॉल आहे. २०१४ सालापासून येथे मेट्रोही धावते. तरी आतल्या गल्ल्यांमध्ये जुने राजाजीनगर अजून थोडेफार शिल्लक आहे. उभ्या दगडी फरशा रोवून केलेली कुंपणे, रस्त्यावर सावली धरणारे करंज, दारात सोनचाफा आणि दोन घरांच्या मध्ये वर्षानुवर्षे रिकामी पडून राहिलेली एखादी जागा, जिला येथे सगळे ‘साईट’ म्हणतात. आमच्या घरामागे अशी एक साईट होती. दयाळ आणि मुंगूस यांची ओळख मला तिनेच करून दिली.

दयाळाला ओळखणे अवघड नाही. आकाराने तो बुलबुलाएवढा असतो. नराचे डोके, छाती आणि पाठ निळसर झाक असलेली तुकतुकीत काळी, पोट पांढरे आणि मिटलेल्या पंखावर एक ठळक पांढरा पट्टा. मादीच्या अंगावर काळ्याऐवजी राखाडी रंग असतो. शेपटी ऐटीत उभारून बसण्याची सवय मात्र दोघांनाही आहे. थंडीच्या दिवसांत हा पक्षी आपल्या शेजारी आहे, हे ध्यानातही येत नाही. झुडपांखालचा पाला उलटापालटा करीत तो किडे वेचत असतो आणि फार तर एखादा करकरीत आवाज काढतो. फाल्गुन उजाडला की मात्र त्याच्यात पालट होतो. पहाटे, दूधवाल्याच्या मोटारसायकलीचा आवाज गल्लीत येण्याअगोदर, तो करंजाच्या शेंड्यावर किंवा एखाद्या गच्चीवरच्या खांबावर येऊन बसतो आणि गाऊ लागतो. मोकळी, चढत जाणारी शीळ, मध्येच एखादी नाजूक गिरकी, तर कधी दुसऱ्याच पक्ष्याची हुबेहूब नक्कल. ऐकणाऱ्याला वाटावे, याला आज काही विशेष आनंद झाला आहे.

या गाण्यामागची रचनाही विलक्षण आहे. माणसाचे स्वरयंत्र घशात, श्वासनलिकेच्या वरच्या टोकाला असते. पक्ष्याचे ते श्वासनलिकेच्या तळाशी, जेथे ती दोन फुप्फुसांकडे दुभंगते तेथे असते आणि त्याच्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे कंप पावू शकतात. शिवाय गाणाऱ्या पक्ष्यांची पिले हे गाणे तयार घेऊन जन्माला येत नाहीत. थोरांचे ऐकत, अडखळत, चुका सुधारत ती ते शिकतात, आपल्या मुलांनी बोलायला शिकावे तशीच. शहरात गाणे शिकणे आणि ते दुसऱ्याच्या कानी घालणे सोपे नसते. नेदरलँड्समधील लायडेन शहरात ग्रेट टिट नावाच्या पक्ष्यांचा अभ्यास करण्यात आला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले, की गोंगाटाच्या भागातील नर गाण्यातले खालचे सूर टाळतात आणि वरच्या पट्टीत गातात, कारण वाहनांची घरघर खालचे सूर गिळून टाकते. राजाजीनगरच्या कॉर्ड रोडवर सकाळी नऊ वाजता उभ्या असलेल्या माणसाला या शोधाचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मुंगसाचे वर्णन करणे त्या मानाने कठीण, कारण ते दिसते तेच मुळी क्षणभर. लांबी सुमारे दोन हात आणि त्यातली निम्मी नुसत्या शेपटीची. पाय आखूड, तोंड निमुळते, डोळे तांबूस. दुरून त्याचा रंग करडा वाटतो. पण त्याच्या एकेका केसावर फिकट आणि काळ्या रंगांची वळी आळीपाळीने असतात, म्हणून वाळलेल्या गवतात शिरल्याबरोबर ते गवतच होऊन जाते. ते दिवसा फिरते आणि रात्री बिळात किंवा दगडांच्या कपारीत विसावते. प्राणिशास्त्रज्ञांच्या मते त्याचे कूळ मांजर आणि तरस यांच्या जवळचे आहे. उंदीर, घुशी, सरडे, टोळ, विंचू, साप, पक्ष्यांची अंडी आणि पडलेली फळे, यांपैकी जे मिळेल ते त्याला चालते.

सापाच्या विषाची बाधा मुंगसाला होत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकतो. ते रानात जाऊन कोणती तरी मुळी खाते आणि विष उतरवते, अशीही समजूत आहे. खरे कारण त्याहून सूक्ष्म आहे आणि इस्राएलमधील शास्त्रज्ञांनी ते १९९२ साली मांडले. नागाच्या विषातील घातक द्रव्य स्नायूंवरच्या विशिष्ट जागी जाऊन बसते, कुलपात किल्ली बसावी तसे, आणि मग मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचत नाही. मुंगसाच्या शरीरात या कुलपाची घडणच किंचित वेगळी असते, त्यामुळे किल्ली नीट बसत नाही. मात्र हे संरक्षण परिपूर्ण नाही. फार विष गेले तर मुंगूसही दगावते. म्हणून तर ते अंगावरचे केस फुलवून, उड्या मारून, सापाला चकवून दमवते. त्याचे शौर्य म्हणजे पुष्कळ अंशी सावधपणाच आहे.

आपल्या भाषेत आणि परंपरेत मुंगसाला जुने स्थान आहे. संस्कृतात ते नकुल. नित्य वैर असलेल्या प्राण्यांच्या जोड्यांना संस्कृत व्याकरणाने समासाचा एक वेगळा नियम दिला आहे आणि अहिनकुल हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. महाराष्ट्रातील खेड्यांत मुंगूस आडवे गेले की मुले त्याला रामाची शपथ घालतात आणि तोंड दाखवून जायला सांगतात. ते वळून पाहील तर दिवस चांगला जातो, अशी श्रद्धा असते. इंग्रजीतील ‘मंगूस’ हा शब्द मराठीतून गेला, असे इंग्रजी शब्दकोश सांगतात. कन्नडमध्ये त्याला ‘मुंगुसी’ म्हणतात आणि तेलुगूतील नावही याच घरातले आहे. पलीकडच्या घरातल्या कन्नड अज्जी कधी कधी कुंपणापाशी येऊन मला हाक मारीत, “मुंगुसी बंतु, नोडि!” मुंगूस आले, बघा! तेव्हा भाषांतराची गरज पडत नसे. बाकी कन्नड मला हळूहळू शिकावे लागले. या एका प्राण्याचे नाव मात्र दोन्ही भाषांनी जणू समाईक ठेवले होते.

आता या दोघांना शेजारी शेजारी ठेवून पाहू. दयाळ उंचावरचा, मुंगूस जमिनीलगतचे. दयाळ बोलका, मुंगूस अबोल. दयाळाचे रंग दोनच, पण ठळक. मुंगसाच्या अंगावर रंगांचे असंख्य ठिपके, पण सारे मिळून जणू काहीच नाही. दयाळाला वाटते आपण दिसावे, मुंगसाला वाटते आपण दिसू नये. इथपर्यंत तुलना सरळ जाते. पुढची पायरी मात्र आपण फार घाईने चढतो. गाणारा तो कोमल, मारणारे ते क्रूर, असा निवाडा आपण करून टाकतो. दयाळाचे नावही या समजुतीला साथ देते. त्याच्या नावात दया ऐकू येते ना!

पण दयाळाच्या आहाराकडे पाहिले तर हा निवाडा टिकत नाही. तोही मुख्यतः मांसाहारीच आहे. टोळ, अळ्या, मुंग्या, गांडुळे हे त्याचे नित्याचे अन्न. वेळ पडली तर लहानशी पालही तो सोडत नाही. जमिनीवर उतरून, मान तिरकी करून, पाल्याखालच्या हालचालीचा अंदाज घेणारा दयाळ पाहिला, की त्याच्यात आणि गवतात नाक खुपसून चाललेल्या मुंगसात फरक केवळ आकाराचा उरतो. अळीला दयाळाच्या नावातली दया कधीच कळलेली नाही.

त्याच्या गाण्याचेही तसेच. आपण ते आनंदाचे उद्गार समजतो. मादीला साद घालण्याचे काम ते करतेच, पण त्याच वेळी ते इतर नरांना दिलेली ताकीदही असते. हा करंज माझा, ही भिंत माझी, येथून पुढे येऊ नकोस. कोणी आलाच, तर गाणे थांबते आणि झटापट सुरू होते. मुंगूसही आपल्या वाटांवर आणि दगडांवर गंधाच्या खुणा ठेवीत जाते. दोघेही आपापल्या मुलखाची सीमा आखतात, एक सुरांनी आणि दुसरे गंधाने. सीमेची एक भाषा आपल्या कानांना गोड लागते आणि दुसरी आपल्या नाकापर्यंत पोहोचतच नाही, एवढाच काय तो भेद.

आणि ज्याला आपण क्रूर म्हणतो, त्याच्या वात्सल्याचे काय? मुंगसाची मादी दोन महिने पिले पोटात वाढवते. दोन-तीन पिले होतात. जागा धोक्याची वाटली तर त्यांच्या मानेची सैल कातडी तोंडात धरून ती त्यांना एकेक करून दुसरीकडे नेते. ज्या दातांनी उंदराची मान मोडते त्याच दातांनी. इकडे दयाळाची मादी भिंतीच्या कपारीत किंवा झाडाच्या ढोलीत बहुतेक सारे घरटे स्वतः बांधते, चार-पाच फिकट हिरवट-निळी अंडी घालते आणि एकटीच ती उबवते. नर त्या काळात राखणदारी करतो. दोन्ही संसार सारखेच चिंतेचे आहेत.

एका एप्रिल महिन्यात हे दोन्ही संसार आमच्या मागच्या भिंतीपाशी समोरासमोर आले. दगडी कुंपण जेथे जुन्या घराच्या भिंतीला मिळत होते तेथे, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर एक वीट निखळलेली होती आणि त्या खोबणीत दयाळाचे घरटे होते. सकाळी मुंगूस आले. अज्जींनी नेहमीप्रमाणे मला हाक मारली आणि दर्शन झाले म्हणून हात जोडले. तेवढ्यात मुंगसाने पुढचे दोन पाय भिंतीला टेकवले आणि वर पाहिले. त्याबरोबर दयाळाची मादी कर्कश ओरडत खोबणीतून बाहेर आली आणि नर झाडावरून सुसाट खाली झेपावला. ज्या गळ्यातून पहाटे गाणे निघाले होते त्यातून आता नुसता खरखरीत आक्रोश येत होता. मुंगूस दोनदा उचकले, एकदा घसरले, क्षणभर थांबले आणि मग काही विशेष घडलेच नाही अशा चालीने गवतात निघून गेले. थोड्या वेळाने ते पुन्हा दिसले तेव्हा त्याच्या तोंडात एक उंदीर होता.

अज्जी म्हणाल्या, “आता हात कोणाला जोडायचे, सांगा बरे!” त्यांच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. कारण तो उंदीरही पक्ष्यांच्या अंड्यांचा शौकीन असतो आणि भिंतीवर तो मुंगसापेक्षा किती तरी सहज चढतो. मुंगूस घरट्याचे शत्रू खरे, पण घरट्याच्या शत्रूंचेही ते शत्रूच. त्या लहानशा साईटमध्ये कोण कोणाचा वैरी आणि कोण कोणाचा रक्षक, याचा हिशेब मांडू गेले तर वही पुरली नसती. तो हिशेब मांडण्याची गरजही तेथे कोणाला नव्हती, कारण तो आपोआप जुळत होता.

मुंगूस आणि गाणारा पक्षी यांना समोरासमोर ठेवणारी एक प्रसिद्ध कथा आहे. १८६५ साली मुंबईत जन्मलेले इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंग यांच्या १८९४ सालच्या ‘जंगल बुक’मध्ये रिक्की-टिक्की-टावी नावाचे शूर मुंगूस आहे आणि दर्झी नावाचा शिंपी पक्षी आहे. तेथे मुंगूस नागांपासून एका कुटुंबाचे रक्षण करते, तर पक्षी काम सोडून वेळी-अवेळी गात बसतो. आपल्या नेहमीच्या निवाड्याच्या हे अगदी उलट झाले. मारणारे ते नायक आणि गाणारा तो बावळट! कथेत तसे असायला हरकत नाही. पण यावरून एक गोष्ट कळते. प्राण्यांना चांगले किंवा वाईट ठरवताना आपण त्यांच्याकडे पाहत नसतो, आपल्या सोयीकडे पाहत असतो. ज्याच्या घरात नाग शिरला त्याला मुंगूस देवदूत वाटते आणि ज्याची कोंबडी गेली त्याला ते चोर वाटते.

ही सोय पाहण्याची वृत्ती कधी कधी फार महाग पडते. उसाच्या मळ्यांतील उंदीर मारण्यासाठी १८७२ साली भारतातून नऊ मुंगसे वेस्ट इंडिजमधील जमैका बेटावर नेण्यात आली. त्यांची प्रजा वाढली आणि तेथून पुढे १८८३ साली ती हवाई बेटांवरही पोहोचली. उंदीर मुख्यतः रात्री हिंडतात आणि मुंगूस दिवसा. त्यामुळे उंदीर उरले आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या तेथील पक्ष्यांवर मात्र संकट आले. जपानमधील अमामी ओशिमा बेटावर विषारी सापांच्या बंदोबस्तासाठी १९७९ साली मुंगसे सोडली गेली. त्यांनी सापांऐवजी तेथील दुर्मीळ सशांना आणि इतर प्राण्यांना खाल्ले. अनेक वर्षांच्या मोहिमेनंतर २०२४ साली ते बेट मुंगूसमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. दयाळाच्या एका भाऊबंदाचीही अशीच कथा आहे. हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर राहणारा दयाळ, माणसांनी नेलेल्या मांजरांमुळे आणि रान तुटल्यामुळे १९६५ च्या सुमारास पंधराच्या आसपासच उरला होता. पुढे त्याला जिद्दीने जपण्यात आले आणि आज त्याची संख्या दोनशेच्या वर गेली आहे. या साऱ्या प्रकारांत ना मुंगसाचा दोष होता, ना मांजराचा. आपल्या जागी जो प्राणी समतोल राखतो, तोच परक्या जागी उच्छाद मांडतो. आणि त्याला तेथे नेणारा हात दरवेळी माणसाचाच असतो.

माणसाच्या हातून या दोघांना आणखी एका प्रकारे सारखेच भोगावे लागले आहे. दयाळाला त्याच्या गळ्यामुळे पिंजरा मिळाला. बांगलादेशाने ‘दोयेल’ म्हणून ज्याला राष्ट्रीय पक्ष्याचा मान दिला, तोच पक्षी आग्नेय आशियात गाण्यासाठी इतका पकडला जातो, की काही ठिकाणी रानातून त्याचा आवाज नाहीसा होऊ लागला आहे. मुंगसाला त्याच्या केसांमुळे मरण मिळाले. त्याचे केस टोकदार, लवचिक आणि रंग धरून ठेवणारे असतात. म्हणून चित्रकारांच्या कुंचल्यांसाठी त्याची चोरटी शिकार होते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र या प्राण्यावर आहे आणि २०१९ साली हा चोरटा व्यापार मोडण्यासाठी देशभर ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ नावाची कारवाईही झाली. तरी कुंचला विकत घेताना तो कशाचा बनलेला आहे, हे विचारणारे किती जण असतील? एखाद्या मुंगसाच्या केसांनी एखाद्या चित्रकाराने दयाळाचे सुंदर चित्र काढलेही असेल. एकाचे सौंदर्य दुसऱ्याच्या मरणातून कागदावर उतरले, हे त्या चित्रात कोणालाही दिसणार नाही.

आमच्या मागची साईट पुढे विकली गेली. शेजारचे जुने घरही पाडले गेले. दगडी फरशा उचलून नेण्यात आल्या, करंज तोडला गेला आणि जमिनीवर काँक्रीट पसरले. ज्यांना घर बांधायचे होते त्यांनाही राहायला जागा हवीच होती. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. पुढचा सबंध उन्हाळा पहाट मुकी गेली. गल्लीतल्या पुष्कळांनी हे बोलून दाखवले. ज्यांना दयाळाचे नाव माहीत नव्हते तेही म्हणाले, “तो सकाळचा पक्षी कोठे गेला?” त्याच्या पुढच्या वर्षी, नव्या इमारतीच्या गच्चीलगत उघड्या राहिलेल्या एका पाइपच्या तोंडात त्याने संसार थाटला आणि पाण्याच्या टाकीवर बसून तो पुन्हा गाऊ लागला. सर्वांना बरे वाटले.

मुंगसाविषयी मात्र कोणी विचारले नाही. अज्जी तेवढ्या काही दिवस कुंपण होते त्या बाजूला येऊन उभ्या राहत. एकदा ते मोठ्या नाल्याच्या काठी दिसल्याचे त्यांच्या नातवाने सांगितले. पुढे तेही नाही. पक्ष्याला पंख होते, तो वर गेला. मुंगसाला रस्ता ओलांडूनच जावे लागते आणि आमचा रस्ता आता चोवीस तास वाहतो. काही महिन्यांनी गल्लीत उंदरांविषयीच्या तक्रारी सुरू झाल्या आणि घरोघर विषाच्या वड्या आल्या. विष खाऊन झिंगलेला उंदीर जो खाईल, त्याच्याही पोटात ते विष जाते. म्हणजे मुंगूस परत आले असते, तरी त्याच्या वाट्याला तेच येणार होते.

या दोघांची तुलना करता करता मला जे जाणवले ते हेच. दयाळ आणि मुंगूस यांच्यातला मोठा फरक कोमल आणि क्रूर हा नव्हेच. एकाला आवाज आहे आणि दुसऱ्याला नाही, हा तो फरक आहे. जो गातो तो निघून गेला तर त्याचे नसणेही ऐकू येते. जो मुकाट्याने आपले काम करीत राहतो, त्याच्या नसण्याला आवाज नसतो. हे केवळ प्राण्यांनाच लागू आहे असे नाही. आपल्या रस्त्याची झाडलोट करणारी बाई, पहाटे पाण्याची चावी फिरवणारा माणूस, खांबावर चढून वीज जोडणारा कामगार, यांपैकी कोण कधी बदलून गेला, हे आपल्याला सांगता येते का?

महाभारतात मात्र एक मुंगूस बोलले आहे. युधिष्ठिराचा अश्वमेध यज्ञ थाटाने पार पडला आणि सगळीकडे त्याची स्तुती चालली असता, अर्धे अंग सोन्याचे असलेले एक मुंगूस तेथे आले आणि माणसाच्या वाणीने म्हणाले, की कुरुक्षेत्रातील एका गरीब ब्राह्मणाने दिलेल्या सातूच्या पिठाच्या दानाची सर या यज्ञाला नाही. त्या कुटुंबाने उपाशी राहून आपल्या वाटणीचे पीठ अतिथीला दिले होते. त्या सांडलेल्या पिठात लोळल्याने मुंगसाचे अर्धे अंग सोन्याचे झाले. उरलेले अर्धे सोन्याचे व्हावे म्हणून ते यज्ञामागून यज्ञ हिंडत होते, पण युधिष्ठिराच्या यज्ञातही ते झाले नाही. आमच्या वस्तीला ज्यांचे नाव आहे त्या राजाजींनी महाभारत इंग्रजीत सांगितले. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकातही ही कथा आहे. बलाढ्य राजाच्या वैभवाचे मोल ठरवण्याचे काम कथाकाराने सिंहाला दिले नाही, हंसालाही दिले नाही. कोपऱ्यात वावरणाऱ्या एका लहानशा प्राण्याला दिले, याचे मला फार नवल वाटते.

तेच काम ते आजही करीत असावे. शहर किती संपन्न झाले हे आपण इमारतींच्या मजल्यांवरून, मेट्रोच्या मार्गांवरून, दुकानांच्या झगमगाटावरून मोजतो. त्या मोजमापात खोटे काही नाही, पण ते अपुरे आहे. कुंपणाखाली वीतभर फट ठेवावी, बागेच्या एका कोपऱ्यातला पाला न जाळता तसाच राहू द्यावा, भिंतीतली एखादी निरुपद्रवी खोबण बुजवण्याची घाई करू नये, उंदरांसाठी विषाऐवजी सापळा लावावा. यासाठी पैसे लागत नाहीत की फार जागाही लागत नाही. एवढे केले तर गाणारा गाईल आणि अबोल राहणारेही त्याच्या खाली गवतातून निर्धास्त फिरेल. युधिष्ठिराच्या यज्ञात त्या ब्राह्मणाच्या मूठभर पिठाला जे स्थान होते, तेच या वीतभर जागेला आहे. आपल्याला गरज असताना आपल्यातले थोडेसे दुसऱ्यासाठी बाजूला काढून ठेवणे, ही दानाची जुनी व्याख्या आहे. शेजाराचीही तीच असायला हवी.